आतून कोण बघणार?

दिवाळीच्या आधी अंबाजोगाईला बहिणीकडं गेले होते. भाच्याचे शर्ट शिवायला टाकायचे म्हणून दोघी संध्याकाळी बाजारात गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक मशीन, खुंटीला टांगलेले अर्धवट ब्लाउज, पायाखाली चिंध्या आणि इस्त्रीचा किंचित करपलेला वास. भाचा अंगाला टेप लावू देत नाही, म्हणून बहीण दरवेळी जुना शर्ट मापाला नेते. मास्तरांनी तो टेबलावर पसरला, बाह्या मोजल्या, "पोरगं वाढलंय की" म्हणत दोन बोटं जास्तीची धरली. मग बहिणीनं पर्समधून चिठ्ठी काढली. "मास्तर, प्रत्येक शर्टावर हा फोन नंबर टाकायचा. आतून." मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "नाव बी टाकू का? खिशावर टाकतो, शाळेच्या ड्रेससारखं चांगलं दिसंल." "नाव नको. नुसता नंबर. अन् आतून." मास्तर चिठ्ठीकडं बघत राहिले आणि अगदी साधेपणानं म्हणाले, "ताई, आतून टाकल्यावर बघणार कोण?"

बहीण काही बोलली नाही. मीही नाही.

लातूरला परत आले तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मास्तरांना कुणाला टोचायचं नव्हतं. कापडाची उलटी बाजू कुणी बघत नाही, हे त्यांना उभ्या आयुष्याच्या शिलाईनं शिकवलेलं. पण बहिणीचीही कारणं होती. एक सगळेच सांगतात ते: लेकराचं नाव बाहेर दिसलं की कुणीही नावानं हाक मारून ओळखीचा होतो. आमच्या भाच्याला ऑटिझम आहे, म्हणजे मेंदूची घडणच वेगळी; बोलणं, मिसळणं, स्पर्श सोसणं इतरांसारखं नाही. त्याच्या बाबतीत हे जरा गमतीचंच आहे. सख्ख्या आईनं हाक मारली तरी तो वळून बघत नाही, चोराला काय ओ देणार! खरं कारण वेगळं. लग्नात, देवळात, एसटीत लोक त्याच्याकडं आधी बघतात, मग एकमेकांकडं बघतात, मग बहिणीकडं. म्हणून ती त्याचा भांग नीट पाडते, शर्टाला कडक इस्त्री करते, बुटाचे बंद दोनदा बांधते. कुठंही गेल्यावर पहिली पाच मिनिटं तरी तो नुसता पोरगा असावा, एवढीच तिची धडपड. पाठीवर पाटी लागली की ती पाच मिनिटंही गेली. मला तिचं पटत होतं, आणि मास्तरांचंही.

भाचा एकटाच घरातून निघून जातो, म्हणून तर नंबर. निघतो तेव्हा पळून जात नाही, कशाकडं तरी जातो. बहुतेक वेळा पाण्याकडं. नळ आल्याचा आवाज, टाकी भरून वाहण्याचा आवाज, शेतातली मोटार सुरू झाल्यावर पाइपातून आधी हवा आणि मग धार येते तो आवाज. हे आमच्याच लेकराचं वेड असेल असं मला वाटायचं. मग कळलं की ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईबापांना जगभर हीच भीती असते. अमेरिकेत बाराशेहून जास्त कुटुंबांना विचारून केलेला एक अभ्यास २०१२ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला होता. चार वर्षांच्या पुढच्या जवळजवळ निम्म्या मुलांनी एकदा तरी सुरक्षित जागा सोडून निघून जायचा प्रयत्न केला होता, आणि जी बराच वेळ सापडली नाहीत त्यांच्यातली सुमारे चौथाई बुडण्याच्या धोक्यात आली होती. तिकडं तळी आणि पोहण्याचे तलाव. आपल्याकडं कठडा नसलेल्या विहिरी आणि शेततळी. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि बघता बघता रानारानात काळ्या प्लास्टिकचे चौकोन दिसू लागले. दुष्काळी मुलखात ते पाणी बघून जीव निवतो, खोटं कशाला बोलू. पण ते प्लास्टिक ओलं झालं की धडधाकट माणसाचाही पाय ठरत नाही आणि धरायला काही नसतं. पाणी नाही म्हणून जन्मभर ओरडणाऱ्या आमच्या घरात आता पाणी दिसलं की पोटात गोळा येतो.

एकदा कापूस वेचणीच्या दिवसांत तो असाच गेला. बहीण मागं पाणी भरत होती, पुढचं दार नुसतं लोटलेलं. शोधाशोध सुरू झाली तेव्हा तो गावाबाहेरच्या एका रानात मोटारीच्या धारेपाशी उकिडवा बसला होता. तिथं कापूस वेचणारी एक बाई होती. तिनं आपल्याकडं विचारतात तसंच विचारलं, "कुणाचं रे तू?" त्यानं त्याच सुरात उत्तर दिलं, "कुणाचं रे तू?" तो बोलतो, पण असंच, कानावर पडलेलं परत देतो. रस्त्यावरून दोघं-तिघं आले. त्यांनी दरडावून विचारलं, "नाव काय?" त्यानंही दरडावून विचारलं, "नाव काय?" एकानं हात उगारला. पोरगं टिंगल करायलंय असं कुणालाही वाटेल. ती बाई मधे पडली. ओटीतला कापूस तिथंच सोडला आणि त्याच्यापासून चार हात लांब मातीत बसून राहिली. जवळ गेली नाही, हात धरला नाही. "ह्याला काहीतरी हाय, थांबा जरा" एवढंच म्हणाली. हे सगळं बहिणीला नंतर कळलं. त्या बाईला तसं वागायला कुणी शिकवलं, देव जाणे. तिला वाचता येत नव्हतं, म्हणजे त्या दिवशी नंबर आतून असता काय आणि बाहेरून असता काय, तिच्यासाठी सारखंच होतं.

आमच्या आज्याचा धाकटा भाऊ मुका होता. आम्ही त्याला आबा म्हणायचो. त्याच्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, गावाचं नाव गोंदलेलं होतं. वर तालुका केज. माणसाचं नाव नव्हतं. मी लहानपणी ती हिरवट अक्षरं बोटानं गिरवायचे आणि आबा गुदगुल्या झाल्यासारखा हसायचा. येरमाळ्याच्या यात्रेत ते गोंदून घेतलं असं आजी सांगायची. लहानपणी यात्रेत हरवला, आणि लाउडस्पीकरवाल्याला कुणी कळवायचं तर पोरानं नाव सांगायला पाहिजे ना! हिरव्या सदऱ्याचा मुलगा मंडपात आहे, नाव अमुक सांगतो, आईनं येऊन घेऊन जावं. 'नाव सांगतो' इथंच सगळं अडलेलं. तो संध्याकाळी सापडला, आणि दुसऱ्या दिवशी आज्याच्या बापानं त्याला गोंदणाऱ्यापुढं बसवलं. पुढं म्हातारपणी आबा एका दिंडीमागं चालत चालत पंढरपूरला गेला. कुणीतरी हात वाचला, केजच्या बाजूनं जाणाऱ्या ट्रकमध्ये बसवून दिला. कातडीवरचं नाव धुऊन जात नाही आणि गाव आपला नंबर बदलत नाही.

पण आबाला जपणारं ते गोंदण नव्हतं, असं मला आता वाटतं. गावात तो कुणाचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विहिरीकडं निघाला की कुणीतरी हाताला धरून परत आणायचं. तीच माणसं त्याला दुसऱ्या नावानं हाका मारायची, पोरं खडे मारायची, आणि लग्नाच्या पंगतीत त्याचं पान शेवटी मांडलं जायचं. गावानं सांभाळलं म्हणून आपण गळा काढतो तेव्हा ते खडेही मोजले पाहिजेत. बहिणीच्या कॉलनीत खडे कुणी मारत नाही. तो कुणाचा हेही कुणाला माहीत नाही.

मग यंत्रांचा खटाटोप झाला. पुण्याच्या एका नातेवाइकांनी जीपीएसचं घड्याळ पाठवलं. त्यात सिम, त्याला रिचार्ज, रोज चार्जिंग. त्याच्या पट्ट्याचा स्पर्श भाच्याला सहन होईना. ज्याला कॉलरमागची कंपनीची चिठ्ठीसुद्धा कापून टाकावी लागते त्याच्या मनगटाला रबर कसं चालावं? घड्याळ एके दिवशी पिंपात सापडलं. (पाण्यातच. त्याला जे आवडत नाही तेही तो पाण्यालाच देतो.) ब्लूटूथची चकती घ्या असं कुणी सुचवलं. ती आसपासच्या दुसऱ्यांच्या फोनवरून आपला पत्ता कळवते. भर बाजारात ठीक, उसाच्या फडात तिच्या आसपास फोन कुठले? मग क्यूआर कोड. २०२३ साली मुंबईत एक गतिमंद मुलगा हरवला आणि गळ्यातल्या क्यूआर कोडमुळं काही तासांत आईबापांकडं पोचला, ती बातमी बहिणीनं मला पाठवली होती. ज्या तरुणानं ते पेंडंट केलं होतं त्यानं आधी विमानतळाबाहेरच्या भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात तसे कोड घातले होते, हेही त्यात होतं. त्या ओळीपाशी मी थांबले. वाईट वाटलं, आणि मग वाईट वाटल्याचाच राग आला. लेकरू घरी पोचलं ना! बहिणीनं कोड करून घेतला आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीला दाखवला. तिच्या गाड्यावर पैसे घ्यायचा कोड लटकतो, त्यामुळं ती लगेच सावध झाली. "स्कॅन केलं की पैसं कटत्याल का?" अनोळखी पोराच्या गळ्यातला कोड आपण तरी पटकन स्कॅन करू का?

कमरेला मात्र तो जन्मापासून करदोडा वागवतो आणि त्याला तो खुपत नाही. म्हणून करदोड्यात स्टीलचा छोटा बिल्ला ओवायची कल्पना निघाली. भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा बसतो त्याच्याकडून अक्षरं कोरून घेतली. तो सवयीनं म्हणाला, "खाली 'यांजकडून सप्रेम भेट' घालू का?" आम्ही तिथंच हसत सुटलो. सासूबाईंचं म्हणणं, एवढं कशाला, धोबी करतो तशी कपड्यावर बिब्ब्याची खूण करा, जन्मात जायची नाही. खरंय, पण बिब्बा कातडीवर उततो. बिल्ल्यावर शेवटी नंबर, रक्तगट, 'फिट येते' आणि गोळीचं नाव आलं. बऱ्याच ऑटिझमच्या मुलांना फिट येते, यालाही येते. कॅलिफोर्नियात टर्लॉक नावाच्या गावी डॉक्टर मॅरियन कॉलिन्स यांची मुलगी १९५३ साली धनुर्वातावरच्या अँटिटॉक्सिन इंजेक्शनच्या अ‍ॅलर्जीनं मरता मरता वाचली. त्यातून १९५६ मध्ये 'मेडिकअलर्ट' संस्था निघाली आणि मनगटावर आजार कोरून ठेवायची पद्धत जगभर गेली. पण ती सोय बेशुद्ध माणसासाठी, वाचणारा डॉक्टर. आमचं पोरगं टक्क जागं असतं, पायांवर उभं असतं आणि वाचणारा रस्त्यावरचा कुणीही. कमरेचा बिल्ला त्याला दिसणार कसा? अनोळखी माणसानं लेकराचा शर्ट वर करून कंबर बघावी, असं कुठली आई आपल्या तोंडानं सांगेल? तीच आई पोराला रोज उलटं शिकवत असते. बिल्ला राहिला, दवाखान्यासाठी.

सरकारच्या लेखी भाचा कुठंच हरवलेला नाही. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आहे, टक्केवारीसकट. ते मिळवायला किती वेळा कुठं बसावं लागलं ते आता सांगत नाही. आधारसाठी त्याचे डोळे आणि बोटं मशीनपुढं धरताना बहिणीनं घामाघूम होऊन गाणी म्हटली होती. मला तेव्हा वाटलं होतं, कशाला हा छळ. मग २०२१ ची नागपूरची बातमी वाचली: लहानपणी जबलपूरहून हरवलेला, बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा, नागपुरात एका कुटुंबानं वाढवलेला, शाळेसाठी त्याचं आधार काढायला गेले तर निघेना, कारण बोटांचे ठसे आधीच नोंदलेले. त्यावरून दहा वर्षांनी आईबाप सापडले. म्हणजे बोटांवर असतंच सगळं. फक्त वाचायला दहा वर्षं लागली. बहिणीकडं तेवढा वेळ नसतो. तिच्याकडं असतो तो घरापासून शेततळ्यापर्यंत चालत जायला लागणारा वेळ.

आणि सापडवणाऱ्या माणसाचं काय? हा विचार मला फार उशिरा सुचला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं चोरणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा, आठवडी बाजाराचा दिवस. तेव्हापासून मी ज्या ज्या पुरुषाला विचारलं, रस्त्यात एकटं लेकरू दिसलं तर काय करशील, त्यानं आधी आजूबाजूला बघितलं. माझा दीर म्हणाला, "वहिनी, पोरगं ओरडायलंय अन् मी त्याचा हात धरलाय, असं कुणी बघितलं तर माझं काय होईल?" भाचा हात धरला की किंचाळतोच. म्हणजे शर्टावर काहीतरी लिहिलेलं असणं त्या माणसाच्याही कामाचं आहे; गर्दी जमली तर दाखवायला त्याच्याकडं कागद नाही, निदान कापड तरी असेल. लहान मुलांच्या मदतीचा १०९८ किंवा तातडीच्या मदतीचा ११२ नंबर लावा हे मी दिराला सांगितलं. हरवलेल्या लेकराची तक्रार लगेच गुन्हा म्हणून नोंदवायची, थांबून बघायचं नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच सांगितलंय, तेही सांगितलं. त्यानं मान डोलावली, पण त्याच्या चेहऱ्यावरून हात धरायची भीती काही गेली नाही.

शर्ट आणायला बहीण एकटीच गेली आणि तिथूनच मला फोन केला. मास्तरांनी आपल्या मनानं एक करून ठेवलं होतं. सुती पट्टी शिवली होती, पण खिशाच्या आत, म्हणजे अंगाला लागणार नाही. आणि खिशावर बाहेरून, शर्टाच्याच रंगाच्या, थोड्या गडद दोऱ्यानं दोनच शब्द: 'खिशात बघा'. लांबून दिसत नाही, चार हातांवरून दिसतं. "ताई, दुसऱ्याच्या खिशात बघायला कुणालाबी आवडतं," असं ते म्हणाले म्हणे. बहीण हसता हसता रडत होती की रडता रडता हसत होती, फोनवर कळेना.

पट्टी कोरी होती. तिच्यावर काय लिहायचं यावर घरात महिनाभर वाद चालला. आजाराचं नाव नको, यावर मात्र सगळ्यांचं लगेच जमलं. स्टँडवरच्या माणसाला ते कळून उपयोग नाही, त्याला काय करायचं ते कळलं पाहिजे. 'बोलता येत नाही' लिहिलं तर खोटं, कारण तो बोलतो, आणि बाथरूममध्ये तर आईनं भजनाच्या चालीवर शिकवलेला तिचा फोन नंबर खणखणीत म्हणतो. फक्त बाथरूममध्येच. शेवटी बहिणीनं न पुसणाऱ्या शाईच्या पेनानं लिहिलं ते असं: 'नाव-गाव सांगता येत नाही. विचारलेलंच परत म्हणतो, टिंगल करत नाही. हात धरू नका. पाण्यापासून लांब ठेवा. जवळ बसा आणि फोन करा.' ती कापूस वेचणारी बाई जे करून गेली, तेच.

खाली दोन नंबरांपुरती जागा. पहिला बहिणीचा. दुसरा माझा असणार हे मी गृहीतच धरलं होतं. तिचा नवरा एसटीवर ड्रायव्हर, गाडी चालवताना फोन घेत नाही, आणि मावशीइतकं जवळचं कोण? बहीण म्हणाली, "अक्का, तू कॅशला बसलेली असतीस, फोन ड्रॉवरमध्ये." दुसरा नंबर तिनं कोपऱ्यावरच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याचा टाकला. परका माणूस! मी दोन दिवस फुगून होते. मग परवा गेले तेव्हा मुद्दाम त्याच्या दुकानात डोकावले. तारांची वेटोळी, वार्निशचा उग्र वास, आणि एकापाठोपाठ एक फोन. मोटार जळाली की शेतकरी रात्री-अपरात्री त्यालाच फोन लावतात, म्हणून तो फोन बंद करत नाही. मी विचारलं, "पोरगं दिसत नाही म्हणून उद्या कुणाचा फोन आला, तर काय कराल दादा?"

"मी आधी लाइट बघंन," तो म्हणाला. "शेतीला लाइट पाळीपाळीनं असती. आत्ता कुठल्या फिडरला हाय ते मला ठाऊक असतं. ज्या बाजूला लाइट, त्या बाजूला मोटारी चालू. त्याला आवाज तिकडूनच गेला असंल. त्या शिवारातल्या चार जणांला फोन टाकायचा, मोटारीपाशी जाऊन बघा म्हणून. बोंबलत फिरून काय उपेग?"

भाच्याचे आईबाप, मी, पुण्याचे नातेवाईक, कुणालाच हे सुचलं नव्हतं. पट्टीच्या अगदी कडेला, शिवणीत अर्धा गेलेला, तिसरा नंबर बसला. तो माझा आहे.